क्रियापदाचे तक्ते: रोम, मुंबई, शहाड

ईदनंतर आठवड्याभराने माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटचा छोटा कोर्स करून तो आता एका प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये काम करतो. जहाज इटलीतल्या बंदरातून सुटतं, वरचे साहेब इटालियन. सुट्टी संपायला पंधरा दिवस होते. शीरखुर्म्याची वाटी बाजूला सरकवून त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि म्हणाला, "टीचर, हे जरा बघा ना. मोबाईलवर शिकतोय, पण क्रियापदं डोक्यात बसत नाहीत."

मला इटालियन येत नाही हे मी त्याला सांगितलं. त्याचं म्हणणं होतं, "तुम्हाला गर्दान तर येते." (गर्दान म्हणजे क्रियापदाची रूपं ओळीने म्हणणं. उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा शब्द नवा नाही.) मग आम्ही वही उघडून बसलो. पार्लारे म्हणजे बोलणं. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पुढच्या पानावर मला हसू आलं. त्याने लिहिलं होतं, "सोनो आन्दाता." मी गेले. मोबाईलमधली बाई तसं म्हणायची, म्हणून हाही तसंच म्हणायचा. पुरुषाने "सोनो आन्दातो" म्हणायला हवं. पाचवीत असताना हाच मुलगा वर्गात उभा राहून "टीचर, मी पाणी प्यायला जाते" असं म्हणायचा. घरात मराठी नाही, मोहल्ल्यात नाही, मराठी ऐकायची ती फक्त माझ्या तोंडून, आणि मी "जाते" म्हणते. उर्दू माध्यमात मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक बाईच्या वाट्याला हे येतं. तेव्हा मी त्याची चूक सुधारायला महिना घेतला होता. या वेळी पाच मिनिटं लागली, कारण तुलनेला आता दोन भाषा हाताशी होत्या.

मग तो खऱ्या अडचणीवर आला. इटालियनमध्ये साध्या विधानाच्या अर्थाचेच आठ काळ आहेत. त्यांतले दोन भूतकाळ त्याला सतावत होते: पास्सातो प्रोस्सिमो आणि पास्सातो रेमोतो. मी नावांचा अर्थ विचारला. प्रोस्सिमो म्हणजे जवळचा, रेमोतो म्हणजे दूरचा. मी वही खाली ठेवली. "अरे, माज़ी क़रीब! सातवीत पाठ केलंस ना?"

उर्दू शाळेत माज़ीच्या सहा क़िस्मा पाठ कराव्या लागतात: मुतलक़, क़रीब, बईद, इस्तेमरारी, शक्किया, तमन्नाई. "वह गया" हा मुतलक़, "वह गया है" हा क़रीब, "वह गया था" हा बईद. जवळचा भूतकाळ ही कल्पना त्याच्याकडे बारा-तेरा वर्षांपासून होती, फक्त तिला इटालियनमध्ये काय म्हणतात ते माहीत नव्हतं. पण शिक्षकाने इथे सावध राहायला हवं. क़रीबला प्रोस्सिमो लावलं, म्हणून बईदला रेमोतो लावता येत नाही. "वह गया था" साठी इटालियनमध्ये वेगळाच काळ आहे, त्रापास्सातो. रेमोतो हा एका झटक्यात संपलेल्या, लांब राहिलेल्या घटनेचा काळ आहे. तो कथा-कादंबरीत आणि इतिहासाच्या पुस्तकात भेटतो, दक्षिण इटलीत बोलण्यातही असतो, उत्तरेत बोलताना तो जवळजवळ कोणी वापरत नाही. नावं सारखी म्हणून खाने सारखे असतीलच असं नाही. त्या दिवशी मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, आणि मराठीच्या इतिहासाकडे मी वळले तीही याच गोष्टीमुळे.

पण त्याआधी माज़ीबद्दल थोडं. मराठीत लिहिताना नुक्ता गळतो आणि "माज़ी"चं "माजी" होतं. माजी आमदार, माजी विद्यार्थी. शब्द तोच आहे. अरबी व्याकरणातला भूतकाळ आपल्या गावच्या फ्लेक्सवर येऊन बसला आहे. "हल्ली" हा शब्दही अरबीतल्या "हाल"चा, म्हणजे वर्तमानकाळाचा. "हल्ली माजी नगरसेवक दिसत नाहीत" या साध्या मराठी वाक्यात अरबी व्याकरणातले दोन काळ आहेत आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. यात कमीपणा नाही आणि मिरवण्यासारखंही फार नाही. कित्येक पिढ्या दफ्तरं एका भाषेत आणि बोलणं दुसऱ्या भाषेत चाललं की असंच होतं.

मुलगा गेला. इटलीचा आणि मराठीच्या क्रियापदांचा काही संबंध कधी आला होता का, हा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. आणि संबंध चांगला थेट निघाला.

1778 साली रोममध्ये मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं. छापखाना धर्मप्रसाराचं काम पाहणाऱ्या प्रोपागांदा फिदे या संस्थेचा, पुस्तकाची भाषा पोर्तुगीज, नाव "ग्रामातिका मरास्ता". विल्यम कॅरीचं व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं 1805 मध्ये, म्हणजे हे त्याच्या 27 वर्षं आधीचं. पण मला थांबवलं ते त्याच्या पूर्ण नावाने. मराठीत सांगायचं तर ते असं: निझामशा आणि इदलशा यांच्या राज्यांत चालणारी सर्वांत रूढ मराठी, तिचं व्याकरण. ते अर्पण केलं आहे त्याच राज्यांत काम करणाऱ्या पाद्र्यांना.

इदलशा म्हणजे आदिलशाह. अहमदनगरची निझामशाही बुडाली 1636 ला, विजापूरची आदिलशाही 1686 ला. पुस्तक छापलं तेव्हा दोन्ही राज्यं जाऊन कित्येक दशकं झाली होती, पुण्यात पेशवाई होती. तरी रोममधल्या कागदांत मराठीचा पत्ता अजून "निझामशा आणि इदलशाचा मुलूख" असाच होता. चर्चच्या कारभाराचं हे जुनं नाव होतं. 1637 मध्ये रोमने आदिलशाही मुलखासाठी वेगळा धर्माधिकारी नेमला होता, तो गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो. राज्यं गेली, पण कागदावरचे खाने राहिले.

मी राहते ते शहाड कल्याणला लागून आहे. कल्याण 1636 पर्यंत निझामशाहीत होतं, त्या वर्षीच्या तहाने ते आदिलशाहीत गेलं, आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. म्हणजे त्या रोमच्या पुस्तकाच्या नावात जो मुलूख आहे, त्यात उल्हास नदीचा हा काठ येतो. शाळेतल्या इतिहासात ही राज्यं फक्त लढायांपुरती येतात. त्या राज्यांत हिशेब कोण लिहीत होतं, कोणत्या भाषेत लिहीत होतं, हे मुलांना कोणी सांगत नाही. फ़िरिश्ता लिहितो की पहिल्या इब्राहीम आदिलशाहने दफ्तरातली फ़ारसी काढून हिशेब देशी भाषेत ठेवायला लावले. फ़ारसी मजकुराबरोबर मोडीतला मराठी मजकूर असलेली त्या काळची फ़र्मानं आजही आहेत. परक्या माणसाला त्या राज्याची भाषा शिकायची तर ती मराठी होती, एवढं त्या पोर्तुगीज पुस्तकाच्या नावावरून कळतंच.

आता मूळ मुद्दा, तक्त्याचा. परकी भाषा शिकणारा माणूस आपल्या ओळखीचा तक्ता घेऊन येतो. पाद्र्यांकडे लॅटिनचा तक्ता होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये आला. जन्माने इंग्रज, पण जेसुइट संघात तो दाखल झाला रोममध्ये. त्याचं ख्रिस्तपुराण राशोलला 1616 मध्ये छापलं गेलं, ते मराठी ओव्यांत. त्याने गोव्याच्या बोलीचं, म्हणजे कोकणीचंही व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राशोललाच छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून त्याचं नाव घेतात.

लॅटिनच्या तक्त्यात एक गोष्ट गृहीत असते: क्रियापद कर्त्याचं ऐकतं. मी लिहिलं, तू लिहिलंस, कर्ता बदलला की रूप बदललं. आणि आपल्याकडे? "मी पोळी खाल्ली." खाणारा पुरुष असो की बाई, क्रियापद पोळीचं ऐकतं. आंबा असेल तर खाल्ला, केळं असेल तर खाल्लं. उर्दूतही "मैंने रोटी खाई". लॅटिनमध्ये मुरलेल्या माणसाचा पाय इथे हमखास घसरणार. गंमत म्हणजे लॅटिनच्याच पोटी जन्मलेल्या इटालियनमध्ये हे परत थोडंसं डोकावतं. "ती मी खाल्ली" असं म्हणताना, आणि "ती" म्हणजे पिझ्झा असेल तर, इटालियन माणूस "लो मांजाता" म्हणतो, "मांजातो" नाही. पिझ्झा स्त्रीलिंगी आहे. हे मी माझ्या विद्यार्थ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "टीचर, मग हे लोक आपलेच निघाले."

पण आपल्यांतले सगळे तरी कुठे पोळीचं ऐकतात? दखनी बोलणाऱ्या घरांतली मुलं माझ्या उर्दूच्या तासाला "मैं किताब पढ़ा" असंच लिहितात. दखनीत "ने" लागत नाही आणि क्रियापद कर्त्याला धरून चालतं. लखनौच्या तक्त्याने मोजलं तर ती चूक, मी लाल शाईने गोलही करते. पण ती मुलं एका जुन्या भाषेचा नियम पाळत असतात, हे मला ठाऊक असतं. गोल करताना पेन जरा अडखळतं.

आपल्या तिन्ही तक्त्यांची हीच गत आहे. उर्दूचा माज़ी आणि मुज़ारे अरबीतून आला, जिथे क्रियापदाची व्यवस्था पूर्ण वेगळी. मौलवी अब्दुल हक़ यांचं "क़वायद-ए-उर्दू" 1914 चं. औरंगाबादेत राहून त्यांनी अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दूचं काम अनेक वर्षं चालवलं, म्हणजे उर्दूच्या सर्वांत वापरलेल्या व्याकरणांपैकी एकाचा लेखक आपल्या मराठवाड्यातला रहिवासी होता. अरबीचे नियम उर्दूवर लादू नयेत असा त्यांचा आग्रह होता, तरी नावं अरबीच राहिली. मराठीचं शालेय व्याकरण इंग्रजीच्या साच्यावर उभं राहिलं आणि शब्द संस्कृतचे घेतले. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती, गुणिले तीन काळ, झाले बारा. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या "शास्त्रीय मराठी व्याकरणा"त दुसरी मांडणी सविस्तर आहे: ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. क्रियापदाला लागलेला प्रत्यय बघा आणि त्यावरून नाव ठेवा. मुलांना ही नावं ऐकून हसू येतं, मलाही बी.एड.ला आलं होतं. आता वाटतं, हीच मांडणी जास्त प्रामाणिक आहे. ती मराठीच्या तोंडाकडे बघून केलेली आहे.

अर्थांचं मात्र चांगलं जुळतं. इटालियनचे चार अर्थ आणि आपले चार अर्थ मी वहीत समोरासमोर लिहून दिले. इंदिकातीवोसमोर स्वार्थ (मतलबी नव्हे, क्रियापदाचा स्वतःचा अर्थ, हे दर वर्षी सांगावं लागतं), इंपेरातीवोसमोर आज्ञार्थ, कोन्जुन्तीवोसमोर विध्यर्थ, कोन्दित्सियोनालेसमोर संकेतार्थ. तिसऱ्या जोडीत फट आहे. आपला विध्यर्थ कर्तव्य सांगतो, इच्छा सांगतो, शक्यताही सांगतो: "त्याने यावं", "तो आला असावा". कोन्जुन्तीवो मुख्यतः मनातल्या गोष्टीसाठी येतो. "मला वाटतं तो येतो" यात "वाटतं" आलं, की पुढचं क्रियापद बदलतं: "पेन्सो के वेंगा". त्याला ते उर्दूतून लगेच पटलं, "शायद वह आए". चौथ्या जोडीतही एक मेख आहे. "पाऊस पडला असता तर पीक आलं असतं" यात आपण दोन्हीकडे तेच रूप ठेवतो. इटालियनमध्ये "जर"च्या बाजूला कोन्जुन्तीवो आणि "तर"च्या बाजूला कोन्दित्सियोनाले. तिकडची मुलंही इथे चुकतात आणि हसं करून घेतात.

तहसील कचेरीच्या खिडकीशी आपण म्हणतो, "साहेब, एक दाखला हवा होता." होता कशाला, आत्ताच हवा आहे की! पण "हवा आहे" म्हटलं तर उद्धट वाटतं. इटालियन माणूस काउंटरवर "वोलेवो उन काफ़े" म्हणतो. मला एक कॉफी हवी होती. तोच भूतकाळ, तीच अदब. हे त्याला इतकं आवडलं की त्याने त्याभोवती चौकट आखली.

आता त्या माणसाकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

माझ्या बी.एड.च्या नोट्समध्ये मराठी व्याकरणाच्या इतिहासाचं एक पान होतं. कॅरी 1805, मग एकदम दादोबा पांडुरंग तर्खडकर 1836. मधली एकतीस वर्षं कोरी. वर्गात आम्ही तिघी उर्दू माध्यमातून आलेल्या होतो. शिकवणाऱ्यांनी आमच्याकडे बघून कौतुकानेच म्हटलं होतं, "तुम्ही लोकही आता मराठी छान शिकता." त्या "आता"वर मी तेव्हा काही बोलले नाही. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर त्या कोऱ्या जागेत होतं. 1825 मध्ये मुंबईत मराठीचं एक व्याकरण निघालं, लेखक महंमद इब्राहीम मकबा. मुंबईतले कोकणी मुसलमान, मुन्शी. त्याआधी 1823 मध्ये त्यांनी हिंदुस्तानीचं व्याकरण लिहिलं होतं, "तोहफ़ा-ए-एल्फिन्स्टन", गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाने. दोन वर्षांत दोन भाषांची दोन व्याकरणं. मुन्शीचं काम ज्याने केलं आहे, निदान उर्दू माध्यमात मराठी आणि मराठी माणसांना उर्दू ज्याने शिकवली आहे, त्याला यातलं कष्टाचं गणित कळेल. एका भाषेचा तक्ता आखताना दुसरीचा पुसावा लागतो, नाहीतर "मैं"च्या जागी "मी" घालून सगळं तसंच उतरतं.

1836 ला दादोबांचं "महाराष्ट्र भाषेचे व्याकरण" आलं, तेव्हा दादोबा अवघ्या बावीस वर्षांचे होते. त्यांचं काम मोठं आहे, पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी ते वाढवत नेलं, आणि शाळाशाळांतून मराठीचं व्याकरण शिकवलं गेलं ते त्यांच्यामुळे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते म्हणू द्यावं. मकबांना त्यांच्या खुर्चीवर बसवण्याची घाई आपल्यातल्या कोणी करू नये, तसलं प्रकरण दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरतं आणि तिसऱ्या दिवशी आपलं हसं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की यादीत 1825 ची ओळ असावी.

मकबांचं नाव पुढे आणखी एका ठिकाणी येतं, आणि ते मला व्याकरणाइतकंच मोलाचं वाटतं. 1840 मध्ये मुंबई इलाख्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं. 1847 च्या सुमारास त्यात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीतून शिक्षण देण्याकडे होता. विरोधात उभे राहिले कर्नल जर्व्हिस, ज्यांनी मराठी शालेय पुस्तकं तयार करून घेतली होती, आणि त्यांच्या बाजूने बोर्डातले तिन्ही भारतीय सभासद: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक कोकणी मुसलमान, आणि तिघांचं मत एक: इथल्या मुलांना इथल्या भाषांतून शिकवा. शेवटी तडजोड झाली, खालचं शिक्षण देशी भाषांत आणि वरचं इंग्रजीत, असा तो आकृतिबंध पुढे रुळला. नानांचा पुतळा मुंबईत आहे, कार्यक्रम होतात, चांगलंच आहे. त्या टेबलाभोवती बसलेल्या तिसऱ्या भारतीयाचं नाव मराठीच्या शिक्षकालाही सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. 1778 रोम. 1805 सेरामपूर. 1825 मुंबई, महंमद इब्राहीम मकबा. 1836 मुंबई, दादोबा पांडुरंग. शाळेत मकबा आडनावाचं कोणी नाही, पण कोकणी घरातल्या दोन मुली ताठ बसल्या हे मला दिसलं. एकीने विचारलं, "टीचर, ते कधी आपल्या इकडे आले होते का? कल्याणला?"

मी म्हटलं, कल्याणला रेल्वे आली 1854 मध्ये, त्याआधी मुंबईहून यायचं तर खाडीने, होडीतून. कोकणी लोकांची जुनी वस्ती या पट्ट्यात होतीच.

"म्हणजे आले होते?"

"आले असतील."

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "माज़ी शक्किया!"